पेनल्टी मारताना चेंडू धरून आडवा पडलेला खेळाडू ऑफसाइड कसा नाही?

खाडीवारा (नेरूळ), रविवार रात्री ९.१०

रग्बी खेळणारे, बघणारे, निदान चुकून चॅनल लागलं तर पाच मिनिटं थांबणारे कुणी असतील तर हात वर करा. एका भांडणाचा निवाडा हवाय.

आज सकाळी खारघरला डोंगराच्या अंगाच्या मैदानावर आमच्या नवी मुंबईच्या पोरांची ठाण्याच्या पोरांशी मैत्रीपूर्ण मॅच होती. (मैत्रीपूर्ण हा शब्द मॅचच्या आधीचा.) एरवी सात-सातच खेळतात, पण यंदा पंधरा-पंधराची हौस आली. आमचे चौदाच आले, त्यांचे सोळा. त्यांचा एक आम्ही उसना घेतला. फुटबॉलच्या गोलला बांबू बांधून खांब केले. पाऊस होता आणि त्याच्या वर वारा.

शेवटचं मिनिट, आम्ही १७-१४ पुढे. ठाण्याला आमच्या गोलरेषेपासून बत्तीसेक मीटरवर पेनल्टी मिळाली. आम्ही वळायच्या आत त्यांच्या नऊ नंबरने चेंडूला पायाने टिचकी मारली आणि सुटला. माझा भाचा मागेच सरकत होता. तो नऊ नंबर समोरून अंगावर आला, भाच्याने धरून पाडला. शिट्टी! पेनल्टी आणखी दहा मीटर पुढे. प्रश्न पहिला: जो मागे जातोय त्याला शिक्षा कसली?

आता खरी गोष्ट. बावीस मीटरवरून, जवळजवळ समोरून, ते गोलला मारणार म्हणाले. टीवर (चेंडू उभा करायचं छोटं बूड) चेंडू ठरेना, वाऱ्याने तीनदा पडला. मग त्यांचा एक पोरगा चेंडूच्या पुढे चिखलात पालथा झाला आणि एका बोटाने चेंडू धरून राहिला. दहा नंबरने मारला. चेंडू डाव्या बांबूवर आपटून मैदानात परत आला. तो पालथा पडलेला उठला, धावला, उसळलेला चेंडू छातीशी घेतला आणि रेषेपलीकडे टेकवला. ट्राय. १९-१७.

म्हणजे गोल झाला असता तर बरोबरी होती. (पेनल्टीच्या गोलचे तीन गुण, ट्रायचे पाच.) चुकला म्हणून हरलो.

प्रश्न दुसरा: चेंडू मारताना जो चेंडूच्या पुढे आहे तो ऑफसाइड. हे शेंबड्या पोराला कळतं. मग रेफरीकाकांना का कळलं नाही? काका आमच्याच सेक्टरचे आहेत, म्हणून जास्त लागलं.

---

शिळोप्याचा_शेर, रात्री ९.१४

पहिला! रुमाल टाकून ठेवतो. रग्बीतलं ओ की ठो कळत नाही, पण भाच्याची बाजू मामाने मांडायची ही आपली परंपरा आहे. धागा शंभरी गाठणार.

---

तलावपाळी, रात्री ९.२०

ठाणेकर म्हणून सांगतो, ट्राय शंभर टक्के ट्राय. हरलं की नियम आठवतात लोकांना.

---

गोंधळी, रात्री ९.३१

बोटाने चेंडू धरणं रग्बीत नसतंच मुळी. ते अमेरिकन फुटबॉल. डोक्यावर हेल्मेट होतं का त्या पोराच्या?

---

येऊरकर, रात्री ९.५८

गोंधळी, असतं. प्लॅस्टिकची टी आली म्हणून आता क्वचित दिसतं इतकंच. टीच्या आधी टाचेने माती उकरून खड्डा करत, नाहीतर वाळूचा ढीग करून त्यावर चेंडू बसवत. वारा असला की आजही एखादा आडवा पडतो. नियमात त्याचा वेगळा उल्लेख आहे.

खाडीवारा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, गोड नाही. पेनल्टी दिली की समोरच्या संघाने लगेच आपल्या गोलरेषेकडे दहा मीटर मागे जायचं, रेषा जवळ असली तर रेषेपर्यंत. मारणाऱ्याने घाई केली आणि तुम्हाला जायला वेळच मिळाला नाही, तर तेवढ्यासाठी शिक्षा नाही. पण मागे जाणं थांबवायचं नाही आणि खेळात हातही घालायचा नाही. दहा मीटर पुरे होईपर्यंत, किंवा आधीच दहा मीटर मागे असलेला तुमचा एखादा साथीदार पळत तुमच्या पुढे येईपर्यंत. भाचा मागे जात होता हे त्याचं चांगलं. हात लावला ते चुकलं. त्याची शिक्षा मूळ खुणेच्या दहा मीटर पुढे दुसरी पेनल्टी.

दुसऱ्या प्रश्नाला जरा वेळ लागेल. जेवून येतो.

---

खाडीवारा, रात्री १०.०२

येऊरकरकाका, पण तो भाच्याच्या अंगावरच धावत आला हो! याने काय करायचं, वाट सोडून नमस्कार करायचा?

---

सई_सानपाडा, रात्री १०.११

हो, अगदी तेच करायचं. :) मी नऊ नंबरला खेळते आणि हा माझा आवडता धंदा आहे. पेनल्टी मिळाली की समोर कोण पाठ करून, मान खाली घालून चाललंय ते बघायचं आणि मुद्दाम त्याच्याच रोखाने पळायचं. त्याने धरलं तर दहा मीटर फुकट, नाही धरलं तर मोकळं रान.

फक्त टिचकी नीट हवी. पंचाने दाखवलेल्या खुणेवरूनच, किंवा तिच्या सरळ मागून. चेंडू हातात असेल तर पायाला लागताना हातातून सुटला पाहिजे. गुडघ्यावर आपटवून पळणारे बरेच असतात, ते चालत नाही. गुडघ्याखालचा पाय लागतो, आणि त्यातही टाच नाही.

---

दम_न_सोडणारा (कळवा), रात्री १०.१९

आम्ही कबड्डीवाले. आमच्यात कसं स्वच्छ असतं. रेषा चुन्याची, पाय पडला की बाद. या रग्बीत सगळ्या रेषा हवेत. चेंडूच्या पुढे, मारणाऱ्याच्या मागे, दहा मीटर पलीकडे. पंचाने बघायचं तरी काय काय?

---

सई_सानपाडा, रात्री १०.२६

दमदादा, लॉबी विसरलात? चढाईवाला कुणाला न शिवता लॉबीत गेला की बाद. शिवला आणि झटापट सुरू झाली की तीच लॉबी मैदानात जमा. रेषा तिथेच, अर्थ बदलला. रग्बीचा ऑफसाइड तसाच समजा. उभं कुठे आहात याला फारसं महत्त्व नाही. तुमच्या आधी काय घडलं यावर सगळं.

---

दम_न_सोडणारा, रात्री १०.२९

हे पटलं. आता पुढचं सांगा, ऐकतोय.

---

मावशी_ऐरोली, रात्री १०.४०

माझा मुलगा होता आज तिथे. कुठल्या बाजूने ते सांगत नाही. पालथा पडणाऱ्याच्या आईची मला जास्त काळजी वाटते. लाल माती तीन पाण्यांतून काढली तरी शेंदरी राहते. आधी सुकू द्यायचं, झटकायचं, मग भिजवायचं.

---

येऊरकर, रात्री ११.०५

तर दुसरा प्रश्न. नियमाची दोन पानं शेजारी-शेजारी ठेवून वाचायला लागतात.

पेनल्टीचं पान म्हणतं: चेंडू मारला जाईपर्यंत मारणाऱ्याच्या संघातले सगळे चेंडूच्या मागे हवेत, धरणारा सोडून. म्हणून त्याचं पुढे पडून असणं हा गुन्हा नाही. दुसरा कुणी पुढे असता तर ठाण्याची पेनल्टी गेली असती आणि तुम्हाला स्क्रम (दोन्हीकडचे एकमेकांत खांदे अडकवून चेंडूसाठी रेटतात ते) मिळाला असता. इथवर रेफरी बरोबर.

पण चेंडूला पाय लागला की दुसरं पान सुरू होतं, खुल्या खेळातल्या ऑफसाइडचं. आपल्या संघातल्या ज्याने चेंडू शेवटचा खेळवला त्याच्या पुढे जो, तो ऑफसाइड. इथे धरणाऱ्याला सूट दिलेली नाही. ऑफसाइड असलेल्याने नुसतं असायला हरकत नाही. चेंडूकडे पुढे जायचं नाही, कुणाच्या आड यायचं नाही, चेंडूला हात लावायचा नाही.

माझ्या मते पहिली सूट फक्त पडून राहायची आहे, पळायची नाही.

---

खाडीवारा, रात्री ११.०८

काका!!! उद्या तुम्हाला मामलेदारची मिसळ माझ्याकडून. ट्राय रद्द. सेक्टरभर सांगतो.

---

येऊरकर, रात्री ११.१२

थांबा हो, अर्धंच सांगितलंय. ऑफसाइडवाला ऑनसाइड होऊ शकतो. मारणारा त्याला ओलांडून पुढे गेला की झाला. आता बघा, दहा नंबर धावत येऊन पाय फिरवतो, त्या झोकात त्याचं अंग दोन पावलं पुढे जातंच. धरणारा पडलाय चेंडूला खेटून. म्हणजे चेंडू बांबूला लागायच्या आतच तो मारणाऱ्याच्या मागे पडतो. बहुतेक वेळा ही सूट आपोआप पुरी होते, म्हणून कुणी हा वाद घालत नाही.

मिसळ मात्र घेईन. तर्री जास्त.

---

तलावपाळी, रात्री ११.१३

मिसळ ठाण्याची, ट्राय ठाण्याचा. शुभ रात्री.

---

खाडीवारा, सोमवार सकाळी ७.४०

रात्रभर झोप नाही. भाच्याला उठवून विचारलं आणि त्याने सोनं दिलं. दहा नंबर पुढे गेलाच नाही. मारताना त्याचा टेकलेला पाय चिखलात सरकला आणि तो मागच्या मागे बसकन मारून बसला. चेंडूच्या मागे! ट्राय झाला तेव्हाही तो उठतच होता. म्हणजे धरणाऱ्याला कुणी ओलांडलं नाही.

येऊरकरकाका, आता बोला.

---

येऊरकर, सकाळी ८.१५

हे खरं असेल तर प्रकरण पालटलं. आणखी कुणी पाहिलं का?

---

शिळोप्याचा_शेर, सकाळी ८.२०

आता फक्त पोहे आणि चहा घेऊन बसायचं. धाग्याचं काश्मीर होणार.

---

बेलापूर_लोकल, सकाळी ९.०२ (गाडीतून, उभ्याने)

अवांतर: फुटबॉलचा गोल ७.३२ मीटर रुंद असतो, रग्बीचे खांब ५.६ मीटर अंतरावर. फुटबॉलच्या खांबांनाच बांबू बांधले असतील तर चेंडू आत जाणं सोपं आणि बांबूला लागणं अवघड. त्याला लागलाच कसा? शिवाय आडवी दांडी रग्बीत ३ मीटरवर, फुटबॉलची २.४४ वर. मूळ मैदानच बेकायदेशीर. मॅच रद्द.

---

खाडीवारा, सकाळी ९.१०

इंजिनिअर दिसता. बांबू आत घेऊन टेपने ५.६ मोजून रोवले होते आणि ३ मीटरवर काथ्याची दोरी ताणली होती. गोलचा आम्ही आधार घेतला, माप नाही घेतलं. डावा बांबू जरा झुकलेला होता हे कबूल.

---

सई_सानपाडा, सकाळी १०.३०

या वादावरून २०१५ चा वर्ल्ड कप आठवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सविस्तर.

ट्विकनहॅमला उपांत्यपूर्व सामना, स्कॉटलंड विरुद्ध ऑस्ट्रेलिया. शेवटची दोन-तीन मिनिटं, स्कॉटलंड ३४-३२ पुढे, पाऊस. लाइनआउटनंतर (बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांच्या मधे फेकून खेळ सुरू करतात ते) चेंडू स्कॉटलंडच्या एकाच्या अंगाला लागून पुढे गेला आणि त्यांच्याच जॉन वेल्शने तो घेतला. आपल्या माणसाच्या पुढे असताना घेतला, म्हणून रेफरी क्रेग जूबेअरने ऑफसाइडची पेनल्टी दिली. बर्नार्ड फोलीने तीन गुण मारले आणि ऑस्ट्रेलिया ३५-३४ ने जिंकला. सामना संपताच जूबेअर मैदानातून धावत निघून गेला, त्यावरूनही गदारोळ झाला.

दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बीने, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेने, जाहीर केलं की पेनल्टी चुकीची होती. मधे ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सने चेंडू खेळवला होता, त्याने वेल्श ऑनसाइड झाला होता. ऑस्ट्रेलियाला फक्त स्क्रम मिळायला हवा होता. आणि त्या क्षणी जूबेअरला व्हिडिओ-पंचाला विचारायची सोयही नियमात नव्हती.

मुद्दा असा की वेल्श कुठे होता हे सगळ्यांनी पाहिलं. मधे चेंडूला कुणाचा हात लागला हे कुणी पाहिलं नाही. आपल्याकडेही सगळे त्या पालथ्या पोराकडे बघताहेत. बाकीचे तेव्हा काय करत होते?

---

दम_न_सोडणारा, सकाळी १०.४४

चूक होती हे सांगून स्कॉटलंडला काय मिळालं?

---

सई_सानपाडा, सकाळी १०.४५

काही नाही. निकाल तोच राहिला.

---

खाडीवारा, सकाळी १०.४७

बघा. माझं दुःख एकट्याचं नाही. मी स्कॉटलंड आहे.

---

शिळोप्याचा_शेर, सकाळी १०.४९

नेरूळचं स्कॉटलंड. पाऊस तेवढाच, फक्त खाडीला वास.

---

द्राविडी_प्राणायाम, दुपारी १२.२०

थोडी भर. ऑफसाइडवाला ऑनसाइड कसा होतो याच्यातली फट फ्रान्सच्या आंत्वान द्युपाँने अशी वापरली की लोक त्याला द्युपाँचा नियमच म्हणायला लागले. समोरच्याने चेंडू झेलून पाच मीटर पळवला किंवा पास दिला की मारणाऱ्याच्या संघातले पुढे उभे असलेले आपोआप ऑनसाइड होत. मग मागे यायची तसदी कोण घेतो? दोन्हीकडचे खेळाडू मैदानाच्या मधोमध पुतळ्यासारखे उभे आणि दोन टोकांचे दोघे एकमेकांकडे चेंडू मारत बसलेले. २०२४ च्या सिक्स नेशन्समधली (युरोपातल्या सहा देशांची स्पर्धा) स्कॉटलंड-फ्रान्स मॅच यासाठी गाजली. मुलाबरोबर बघत होतो, तो म्हणाला, बाबा पॉज झालंय का.

१ जुलै २०२४ पासून ती फट बुजवली. आता समोरच्याच्या पळण्याने किंवा पासने कुणी ऑनसाइड होत नाही. मागे यायचा प्रयत्न करावाच लागतो. त्यामुळे "नवी मुंबईवाल्याने चेंडू उचलून पळवला म्हणून ठाणेकर ऑनसाइड" असली पळवाट कुणी काढणार असेल तर ती बंद आहे.

---

तलावपाळी, दुपारी १२.३१

पळवाट लागत नाही आम्हाला. तुमचा एकही माणूस चेंडूकडे गेलाच नाही, तो भाग सांगा की! सगळे राष्ट्रगीताला उभे असल्यासारखे होते.

---

येऊरकर, दुपारी १.१५

तलावपाळी, त्यांनी तसंच उभं राहायचं असतं. पेनल्टी गोलला मारणारा धावायला लागला की चेंडूला पाय लागेपर्यंत समोरच्यांनी हात बाजूला ठेवून स्तब्ध राहायचं. कुणी हात हलवले, ओरडला आणि गोल चुकला, तर आणखी दहा मीटर पुढून पुन्हा पेनल्टी.

ट्रायनंतरचं कन्व्हर्जन, म्हणजे जादा दोन गुणांसाठी गोलला मारायची किक, मात्र वेगळं. तिथे समोरचे गोलरेषेमागे असतात आणि मारणारा धावायला लागला की अंगावर धावून जाऊ शकतात. २०२३ च्या वर्ल्ड कपमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या चेस्लिन कोल्बेने फ्रान्सच्या तोमा रामोसचं कन्व्हर्जन असंच धावत जाऊन अडवलं. ते दोन गुण. आफ्रिका २९-२८ ने जिंकली, पुढे कपही नेला. अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध १२-११, आणि ते बाराच्या बारा गुण पेनल्टीचे, हांद्रे पोलार्डचे. एकही ट्राय नाही. ज्यांना पेनल्टी म्हणजे किरकोळ वाटते त्यांच्यासाठी सांगितलं.

---

मावशी_ऐरोली, दुपारी १.४०

ट्रायला ट्राय का म्हणतात हो? प्रयत्न कसला, चेंडू तर टेकवून झालेला असतो.

---

येऊरकर, दुपारी १.५२

ताई, फार चांगलं विचारलंत. एकोणिसाव्या शतकात चेंडू टेकवण्याला स्वतःचे गुणच नव्हते. टेकवलं की गोलला मारायचा प्रयत्न करायची परवानगी मिळायची. तो प्रयत्न म्हणजे ट्राय. नाव राहिलं, किंमत वाढत पाचवर गेली.

आपल्या देशाचा संबंधही जुना आहे. इंग्लंड-स्कॉटलंड ज्या कलकत्ता कपासाठी खेळतात तो खरोखरच कलकत्त्याचा. तिथला रग्बी क्लब बंद पडला तेव्हा खात्यातले चांदीचे रुपये काढून, वितळवून चषक केला आणि १८७८ मध्ये इंग्लंडच्या संघटनेला दिला. झाकणावर हत्ती, धरायला तीन नाग.

---

बेलापूर_लोकल, दुपारी २.०५

शिल्लक रकमेचा इतका सुंदर विनियोग आमच्या सोसायटीला कधी सुचणार? सिंकिंग फंड वितळवा म्हणावं.

---

गोंधळी, दुपारी २.४०

२०२५ च्या जूनमध्ये अंधेरीला लीग झाली ना, सहा टीमची? मी गेलो होतो. तिथे कुणी आडवं पडलेलं दिसलं नाही.

---

सई_सानपाडा, दुपारी २.५१

ती सात-सातची होती. सेव्हन्समध्ये गोलला ड्रॉपकिकच मारतात, म्हणजे चेंडू हातातून सोडायचा, टप्पा पडला की मारायचा. जमिनीवर ठेवायचाच नसतो, मग धरणार कोण? म्हणून आपल्याकडच्या निम्म्या खेळाडूंना हा नियम कधी लागलेलाच नाही. मीही काल रात्री उघडून वाचला.

---

उसना_पंधरावा, सायंकाळी ६.३०

नमस्कार. नवीन आयडी. मीच तो उसना. ठाण्याचा असून नवी मुंबईकडून खेळलो. दोन्हीकडचे शिव्या देताहेत, म्हणून बोलतो.

मी डाव्या बांबूपासून सहा-सात पावलांवर होतो. हात बाजूला. दहा नंबर घसरून बसला हे खरं, मी पाहिलं. चेंडू बांबूवरून आला आणि टप्पा माझ्या पुढे साधारण तीन हातांवर पडला. मी वाकलो. अंडाकृती चेंडू तो, टोकावर पडला आणि माझ्या खांद्यावरून मागे न जाता सरळ पुढे उसळला. समोरून तो आलाच. मी मुद्दाम सोडला नाही. आईशप्पथ.

---

खाडीवारा, सायंकाळी ६.३८

बाळा, तुझ्यावर कुणाचा राग नाही. साक्ष झाली! मारणारा मागे बसलेला. ओलांडलं नाही. ऑफसाइड. धागा बंद करायला हरकत नाही.

---

द्राविडी_प्राणायाम, सायंकाळी ६.५५

एक शंका. चेंडू जिथे पडला तिथून दहा मीटरच्या आतल्या ऑफसाइडवाल्यांनी तर लगेच मागे सरायचं असतं. चेंडू खांबाला लागून आला तरी तो नियम लागतो ना?

---

येऊरकर, सायंकाळी ७.१०

लागतो. पण चेंडू गोलरेषेपासून सात-आठ मीटरवर पडला असं धरलं तर ती काल्पनिक रेषा अठराच्या आसपास येते. पोरगा बावीसवर होता. त्यातून सुटला. प्रश्न उरतो तो त्याला कुणी ओलांडलं का एवढाच.

आणि खाडीवारा, काल मी घाईत एक गोष्ट अर्धी लिहिली, ती दुरुस्त करतो. ओलांडणारा मारणाराच हवा असं नाही. चेंडू मारताना जो ऑनसाइड होता, असा त्यांचा कुणीही धावत त्याच्या पुढे गेला तरी चालतं.

---

खाडीवारा, सायंकाळी ७.१२

काका, मिसळ कॅन्सल.

---

मावशी_ऐरोली, रात्री ८.२५

मी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. बघायचं का? काचेवर थेंब आहेत आणि मधेच मी "अगं बाई" म्हणाले आहे, ते सोडून द्या. ग्रुपवर टाकते.

---

शिळोप्याचा_शेर, रात्री ८.२६

मावशी, दोन दिवस काय करत होतात?

---

मावशी_ऐरोली, रात्री ८.३१

कपडे धूत होते.

---

सई_सानपाडा, रात्री ९.२०

व्हिडिओ अकरा वेळा बघितला, हळू करून. जे दिसतं ते लिहिते.

चेंडू सुटतो. दहा नंबर खाली बसतो, दोन्ही हात मागे टेकलेले. धरणारा अजून पालथाच, मान वळवून चेंडू कुठे जातोय ते बघतोय. डावीकडून त्यांचा तीन नंबर, तो जाडगेला प्रॉप (स्क्रममध्ये पुढे रेटणारा), चेंडू मारल्यावर लगेच निघालाय. मारताना तो दहा नंबरच्याही मागे आहे, स्पष्ट दिसतो, म्हणजे ऑनसाइड. बांबूचा आवाज येतो (आणि "अगं बाई"). त्या वेळी धरणारा एका गुडघ्यावर, हात जमिनीला. त्याचा दुसरा पाय उचलायच्या आत तीन नंबर त्याच्या शेजारून पुढे जातो. पाण्याचा फवारा उडतो तो त्याच्याच बुटाचा. मग धरणारा उठतो, पळतो, आणि चारेक ढांगांत प्रॉपला मागे टाकतो, कारण तो प्रॉप आहे.

म्हणजे धरणारा पुढे सरकला तो ओलांडला गेल्यावर.

---

येऊरकर, रात्री ९.३४

मीही पाहिला. सहमत. गुडघ्यावर उठणं म्हणजे पुढे जाणं नव्हे. तिथून पुढचं प्रत्येक पाऊल त्याने ऑनसाइड टाकलंय. ट्राय बरोबर.

---

तलावपाळी, रात्री ९.३५

_/\_ प्रॉप माझा पुतण्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी पुढे धावला.

---

दम_न_सोडणारा, रात्री ९.४१

मग रेफरीकाकांनी हे सगळं त्या क्षणात पाहिलं?

---

खाडीवारा, रात्री १०.१५

तेच विचारायला आत्ता त्यांच्या घरी जाऊन आलो. काका टीव्ही बघत होते. म्हणाले, पालथ्या पोराकडे मी बघतच नव्हतो, त्याच्याजवळ कोण येतंय ते बघत होतो. मग काकूंनी चहा दिला. मी आधी काय काय बोललो होतो ते त्यांनी काढलं नाही. हा धागा त्यांनी वाचलेला असावा अशी दाट शंका आहे.

ठीक. ट्राय मान्य. भाच्याला दहा मीटरचं सांगितलं, तो म्हणाला पुढच्या वेळी आधी पळेन, मग बघेन.

परतीची मॅच पुढच्या रविवारी ठाण्यात, कोपरीला. आमचे आत्तापर्यंत तेरा झालेत.

---

उसना_पंधरावा, रात्री १०.१८

मी येऊ का?

---

तलावपाळी, रात्री १०.१९

ये. पण या वेळी आमच्याकडून.

---

येऊरकर, रात्री १०.२५

टी जड आणा कुणीतरी. आणि खाडीवारा, मिसळीचं काय ठरलं?